ट्रॅव शेवटी काय बोलला

वालाबिन, ४ मे

जॅरड,

हा कागद फाडायच्या आधी एवढं वाच, की हे मी माझ्यासाठी लिहीत नाहीये. माझ्यासाठी लिहिलेली पत्रं तू सगळी परत पाठवलीस, त्याबद्दल माझी तक्रार नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, आणि तुझ्यात हा पीळ कुणाकडून आलाय ते मला दाढी करताना रोज दिसतं.

मंगळवारी नोएलीन आली होती. ट्रॅवला पुरल्यापासून तिने आपल्या अंगणात पाऊल टाकलं नव्हतं. दुकानात समोरासमोर आलो तर मी वाटाण्याच्या डब्यांमागे जायचो आणि ती पिठाच्या पोत्यांमागे. त्या दिवशी मी मेंढीच्या मानेचं कालवण लावलं होतं, तेवढ्यात जाळीच्या दारापलीकडे ती उभी दिसली.

"आत ये," मी म्हटलं.

"नको, बसायला नाही आले मी." असं म्हणून ती आत येऊन बसली. बसण्याआधी कालवणाचं झाकण उचलून चव घेतली आणि म्हणाली, "मीठ कमी आहे." लोकर कातरणाऱ्या टोळ्यांना आयुष्यभर जेवायला घातलं मी, आणि ही मला मीठ शिकवते. पण मुलगा गेलेल्या बाईशी मिठावरून कोण भांडणार.

"एरल, मला एक विचारायचंय," ती म्हणाली. "तुला नाही, तुझ्या पोराला. गाडी उलटल्यापासून तो ट्रकवाला येईपर्यंत जॅरड त्याच्यापाशी होता. तेवढ्या वेळात ट्रॅव काही बोलला का? काय बोलला?"

"कोर्टात तर सगळं..."

"कोर्टात किती प्यायले होते ते विचारलं, गाडी किती जोरात होती ते विचारलं. हे कुणी विचारलं नाही. त्यांना काय पडलंय. मला मात्र दुसरं काही सुचत नाही."

"मग तू लिही ना त्याला. तुझं पत्र तो परत नाही पाठवणार."

"मी लिहिलं तर माझी दया येऊन काहीतरी गोड लिहील. तू विचार. तुझ्याशी तो खोटं बोलणार नाही."

"का?"

"तुझ्याशी खोटं बोललं की काय होतं ते त्याला ठाऊक आहे."

तिने ते चांगल्या मनाने म्हटलं असेल, मला मात्र तोंडात मारल्यासारखं झालं. तू सार्जंटला सांगितलंस की गाडी ट्रॅव चालवत होता. मी सांगितलं की घोड्यांची रेस संपल्यावर निघताना स्टिअरिंगवर तू बसला होतास, मी मैदानाच्या फाटकाशी उभा होतो. उद्या पुन्हा विचारलं तर पुन्हा तेच सांगेन. त्याची माफी मागायला मी येत नाहीये, म्हणजे आधीच सांगून ठेवतो.

पण येतोय. गेल्या वर्षी बसने आलो तेव्हा तुरुंगाच्या दारावरच्या बाईने यादी बघून सांगितलं की तू भेटीसाठी दिलेल्या नावांत माझं नाव नाही. या वेळी म्हणून आधीपासून लिहितोय. सोळा तारखेच्या शनिवारी मी दाराशी असेन. माझं नाव दे, नोएलीनच्या प्रश्नाचं उत्तर सांग, आणि मग पाहिजे तर जन्मात तोंड दाखवू नकोस. अगदीच भेटायचं नसेल तर तू आहेस त्या गावच्या कॅराव्हॅन पार्कच्या पत्त्यावर लिही. मी काही दिवस तिथेच तंबू टाकून राहीन.

बाबा


बर्क, ६ मे

जॅरड,

पिकअप मी विकली. तुझी नव्हे, ती पोलिसांनीच नेली, माझी. तिच्याऐवजी पोस्टमनची जुनी लाल फटफटी घेतलीय. पोस्टाने दहा वर्षं पिळून काढून टाकून दिलेली. तिच्यावर पत्रांच्या पिशव्यांसाठी मागे मोठी लोखंडी चौकट आहे, तिथे माझी तवा-किटली आणि अंथरूण बांधलंय. चढ आला की ही दमेकऱ्यासारखी धापा टाकते. ट्रक बाजूने गेला की आम्ही दोघं थरथरतो. तुला हसू येईल म्हणून सांगितलं.

मुद्दाम हळू येतोय. पत्रं माझ्यापुढे पोहोचायला हवीत ना.

आज मात्र एक गोष्ट झाली ती सांगतो. वालाबिनच्या रस्त्यावर मला आता कुणी स्टिअरिंगवरून बोट उचलून ओळख देत नाही. तुझ्या खटल्यापासूनचं आहे हे. समोरून केन येतो, त्याच्या पोरांना मी कडेवर घेऊन फिरवलंय, तर त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगला डिंकाने चिकटवल्यासारखे. एक बोट उचलायला काय लागतं? पण नाही. अर्धं गाव ट्रॅव गेला म्हणून माझ्यावर रागावलंय, आणि उरलेलं अर्धं बापाने पोराची चहाडी केली म्हणून. दोन्ही अर्धी मिळाली की माझ्या वाट्याला कुणी उरत नाही. आपल्याकडे माणसाने शेजाऱ्याच्या मेंढ्या पळवल्या तरी चार वर्षांत लोक विसरतात. चहाडी थडग्यापर्यंत येते.

तर आज बर्कच्या अलीकडे समोरून एक बाई आली, धुळीने माखलेल्या गाडीत, मागे कुत्री. मला पाहून तिने एक बोट उचललं. अगदी सहज, सगळे करतात तसं. मी इतका चकित झालो की परत हात करायला विसरलो, आणि आठवलं तेव्हा अख्खा हात हलवला. फटफटी डुगडुगली आणि मी खडीत जाता जाता वाचलो. ती बाई म्हणाली असेल, कोण हा वेडा म्हातारा.

मला किती बरं वाटलं ते तुला लिहून सांगता येणार नाही. मी गोड चहा करून प्यायलो आणि मग जरा रडलो.

बाबा


कोबार, ८ मे

जॅरड,

इथल्या बर्गरमध्ये आपली नेहमीची बिटाची चकती नव्हती. मी काउंटरवरच्या मुलीला विचारलं तर म्हणते, "हल्ली लोकांना आवडत नाही." मी म्हटलं, "कुठले लोक?" तिने खांदे उडवले. देश कुठे चाललाय कळत नाही.

कॅराव्हॅन पार्कमध्ये शेजारी एक जोडपं उतरलंय, ग्रॅहॅम आणि त्याची बायको. त्याची फटफटी म्हणजे दिवाणखाना आहे, टेकायला पाठ, ऐकायला गाणी. माझी लाल म्हातारी पाहून तो हसत आला.

"काय हो, माझं पत्र आहे का काही?"

"बिल आहे एक," मी म्हटलं. "सही करून घ्या."

त्याला मी आवडलो बहुतेक. बिअर घेऊन आला. कुठे चाललात, मी म्हटलं मुलाकडे. काय करतो मुलगा? आता काय सांगू. म्हटलं, "सरकारी जागा आहे. राहायला मिळतं, खायला मिळतं."

"नशीबवान आहे. माझा पोरगा अजून आमच्याच घरात पडून आहे. तुमचा किती वर्षं राहणार तिथे?"

"अजून चार तरी."

"मग पेन्शन पक्की," ग्रॅहॅम म्हणाला आणि आम्ही बाटल्या टेकवल्या.

हस. किंवा नको हसू. मी त्या वेळी हसलो आणि तंबूत जाऊन पडलो तेव्हा मला स्वतःची लाज वाटली. तुझी नाही, नीट वाच, माझी. सार्जंटसमोर मान ताठ ठेवून खरं बोलणारा मी, आणि एका बिअरसाठी तुला सरकारी नोकर करून टाकलं.

तुझी आई असती तर म्हणाली असती, एरल, तुझं खरं बोलणं दुसऱ्यांसाठी असतं. ती असं काही बोलून चुलीकडे वळायची आणि मग आपण दिवसभर विचार करत बसायचं.

बाबा


माउंट होप, ११ मे

जॅरड,

अक्षर वेडंवाकडं आलंय कारण उजवा हात बांधलाय. काही विशेष झालं नाही. रानबकरी आडवी आली. एक गेली, मी म्हटलं झालं, आणि मी वेग वाढवला तशी दुसरी आली. एक बकरी कधी एकटी नसते हे मला माहीत असायला हवं होतं. मनगट सुजलंय, गुडघा सोललाय, फटफटीचा आरसा गेला. बकरीला काही झालं नाही. ती थोडं लांब उभी राहून माझ्याकडे बघत होती.

तिथे रस्त्याकडेला मी बराच वेळ पडून होतो. म्हणजे बसून होतो, पडून नव्हतो. फोनला रेंज नाही. तांबडी माती, झुडपं, वर घार. प्रत्येक आवाज मला इंजिनाचा वाटायचा आणि तो वारा असायचा. तेव्हा मला पहिल्यांदा, अगदी पहिल्यांदा, तू त्या दिवशी कसा बसला असशील ते डोळ्यांपुढे आलं. इतके दिवस मी तुला फक्त स्टिअरिंगवर बघत होतो. त्याच्यानंतरचा तू मला दिसलाच नव्हतास. मी सांगितलं ते चुकलं असं मी आजही म्हणत नाही. पण हे मी आधी बघायला हवं होतं.

शेवटी एक बाई आली, डॉट नावाची. माझ्याहून म्हातारी. गाडी थांबवून खिडकीतूनच विचारते, "मेलास की जिवंत आहेस?"

"अजून ठरलं नाही."

"लवकर ठरव. मला मेंढ्यांच्या टाकीचा पंप बघायचाय."

तिने फटफटी एकटीने मागे चढवली, मला हात लावू दिला नाही. घरी नेऊन मनगट बांधलं, मटण वाढलं. मटण चांगलं होतं, जरा जास्त भाजलेलं. जेवताना तिने विचारलं कुठे चाललास, आणि मी या वेळी सगळं सांगितलं. तुझं, ट्रॅवचं, नोएलीन काय विचारते ते. घराबाहेर पडल्यापासून कुणाला तरी पहिल्यांदाच खरं सांगितलं.

डॉट चावत चावत ऐकत होती. मग म्हणाली, "आणि समज, तो पोरगा ओरडत होता. वाचवा, वाचवा म्हणत होता. किंवा तुझ्या पोराला शिव्या घालत होता. ते सांगणार तू त्या आईला?"

खरं सांगतो, मी घरापासून इथपर्यंत आलो आणि हा विचार मला शिवलाही नव्हता. मी आपलं धरून चाललो होतो की उत्तर काहीही असो, ते मिळालं की नोएलीनला बरं वाटेल.

"विचारायच्या आधी ठरवून ठेव," डॉट म्हणाली. "नंतर ठरवायला वेळ नसतो." आणि मला अजून मटण वाढलं.

बाबा


लेक कारजेलिगो, १३ मे

जॅरड,

दोन दिवस डॉटकडे होतो. मनगट बरं आहे. वेग उजव्याच हाताने द्यायचा असतो, पण हळू पिळलं तर दुखत नाही, म्हणून चालवता येते. ब्रेक मात्र जपून.

तळ्याकाठी बसून लिहितोय. पाणी भरपूर आहे यंदा. काठावर एक बाप आपल्या मुलीला गळ टाकायला शिकवतोय आणि दोघंही एकमेकांवर ओरडतायत.

डॉटचं बोलणं डोक्यातून जात नाही. काल मी एक प्रयोग करून पाहिला. समजा, तुझं उत्तर वाईट निघालं तर नोएलीनला काय सांगायचं, ते मी मनातल्या मनात जुळवून पाहिलं. "आईला सांग, मला दुखत नाहीये." हे एक. "आईला सांग, काळजी करू नको." हे दुसरं. दोन्ही मोठ्याने म्हणून पाहिली. पहिलं चांगलं वाटलं. इतकं चांगलं वाटलं की मला भीती वाटली.

तुला माहीत आहे मी कसा आहे. लोकर कातरायच्या शेडमधल्या पोरांनी मटण शिळं आहे का विचारलं तर मी शिळं आहे म्हणून सांगायचो, मुकादम वैतागायचा. खोटं बोलायचं नाही यात माझी काही थोरवी नाही, मला ते जमतच नाही आणि न जमणाऱ्या गोष्टीची मी मिजास करत आलो. तुझ्या बाबतीतही थोडी केली असेल.

म्हणून हे नीट ऐक. मला जे असेल ते सांग. कितीही वाईट असलं तरी सांग, गोड करू नकोस. गोड करायची वेळ आलीच तर ते मी करीन. नोएलीनच्या डोळ्यांत बघून खोटं बोलायचं असेल तर मी बोलेन. तू एकदा खोटं बोललास, त्याचं फळ भोगतोयस, पुन्हा ती पाळी तुझ्यावर यायला नको. तुझ्यासाठी एवढं मी करू शकतो. याहून जास्त काय करायचं ते मला कळत नाही.

शनिवारी भेटू. नाव दे.

बाबा


तुझं गाव, १६ मे

जॅरड,

नाव नव्हतं.

दारावर तीच बाई होती, गेल्या वर्षीची. मला ओळखलं तिने. यादी वरून खाली पाहिली, मग माझ्यासाठी खालून वर पाहिली. "नाही हो," म्हणाली. "आज सकाळी त्याला परत विचारता आलं असतं तर... पण नाही." माझ्या मागे बायका-मुलं उभी होती, नीट कपडे घालून, केस विंचरून. मी पण शर्टाला इस्त्री केली होती, पार्कमधल्या बाईची इस्त्री मागून.

"काही निरोप देता येईल का?" मी विचारलं.

"पत्र लिहा."

"पाच लिहिली."

"मग सहावं लिहा," ती म्हणाली, पण वाईट बोलली नाही. तिला रोजच असे बाप दिसत असतील.

मी रागावलो नाहीये. निराश झालोय, ते का लपवू. फटफटी पार्कमध्ये लावलीय, अजून काही दिवस आहे. माझं सोड. पण नोएलीनला उत्तर दे. एक ओळ पुरे.

बाबा


१८ मे

बाबा,

तुझी सगळी पत्रं आज एकदम हातात पडली. इथे आधी कुणीतरी वाचतं, मग साठवून ठेवतात, मग देतात. तू हळू आलास त्याचा काही उपयोग झाला नाही. शनिवारी तू दारात होतास हे मला माहीतच नव्हतं. माहीत असतं तर नाव दिलं असतं की नाही, सांगता येत नाही.

ट्रॅव काहीच बोलला नाही. गाडी थांबली तेव्हाच तो गेला होता. मला ते लगेच कळलं. तरी मी त्याच्याशी बोलत राहिलो. त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि ट्रक येईपर्यंत बोलत होतो. एवढंच आहे. याच्या पलीकडे काही नाही.

कोर्टात कुणी विचारलं नाही. नोएलीनकाकूला लिहायला तीन-चारदा बसलो, पण "काहीच नाही" हे कसं लिहायचं. माझ्या आईनंतर मी तिच्या हातचं खाऊन मोठा झालोय.

सार्जंटला मी ट्रॅवचं नाव का सांगितलं तेही सांगतो, तू कधी विचारलं नाहीस. शाळेच्या पाण्याच्या टाकीत मेलेला साप मी टाकला होता आणि मार ट्रॅवने खाल्ला होता. काच मी फोडली, दोष त्याने आपल्या अंगावर घेतला. तो नेहमीच घ्यायचा, कधी नाही म्हणाला नाही. मला वाटलं, या वेळीही घेईल. तो मेलाय, त्याला काय लागणार आता. काकूला लागेल हे डोक्यातच आलं नाही. हे कुणालाही सांगितलं नव्हतं.

तू मला तुरुंगात घालवलंस म्हणून मी चिडलो होतो. आता तितका नाही. पण तू समोर बसलास तर काय बोलायचं ते मला सुचणार नाही, म्हणून नाव देत नाही. अजून नाही. राग समजू नकोस.

काकूशी खोटं बोलेन म्हणतोस. तुला जमणार नाही, तुझे कान लाल होतात. पण काय सांगायचं ते तू ठरव.

हात कसा आहे?

जॅरड


वालाबिन, २९ मे

जॅरड,

हात बरा आहे. आधी ते.

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी निघालो. ते मी शर्टाच्या आत ठेवून आलो आणि वाटेत जिथे जिथे चहाला थांबलो तिथे तिथे वाचलं. सापाचं मला माहीत नव्हतं. त्या मास्तरला मी जाऊन धन्यवाद दिले होते, ट्रॅवला वळण लावलं म्हणून.

आणि सगळ्या वाटेने मी खोटं घोकत आलो. "आईला सांग, मला दुखत नाहीये." हेल्मेटच्या आत मोठमोठ्याने. कोबारला येईपर्यंत मला ते खरंच झाल्यासारखं वाटायला लागलं होतं. मी ठरवलं होतं, जॅरड. "काहीच नाही" हे दोन शब्द मी त्या बाईच्या हातात ठेवणार नव्हतो. खरं बोलायचं ते एकदा बोलून झालं, त्याने दोन घरं बसली. आता पुरे.

मंगळवारी दुपारी तिच्याकडे गेलो. ती तव्यावर पिकलेटं, ती छोटी गोड धिरडी, घालत होती. पाठमोरीच म्हणाली, "बस. बोल."

"भेट झाली नाही, पण त्याने लिहिलं. तर ट्रॅव म्हणाला," मी सुरू केलं, "आईला सांग की..."

ती वळली. माझ्याकडे बघितलं, चेहऱ्याकडे नाही, बाजूला. "एरल," ती म्हणाली, "तुझे कान."

मग काय उरलं. पन्नास वर्षांची ओळख आहे, शाळेतसुद्धा ती मला असंच पकडायची.

"काही बोलला नाही, नोएलीन," मी म्हटलं. "गाडी थांबली तेव्हाच गेला होता."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

तिने गॅस बंद केला. तव्यावरची तशीच राहिली. ती मागच्या दाराने अंगणात गेली आणि दोरीवरचे कपडे काढायला लागली. खिडकीतून मला दिसत होती. एकेक चिमटा काढून पिशवीत टाकत होती. कपडे ओलेच होते. मी आत उभा होतो आणि मला वाटत होतं, पळून जावं. तिच्यापाशी जे एवढंसं शिल्लक होतं, तेही मी काढून घेतलं असं वाटत होतं.

ती ओले कपडे घेऊन आत आली, टेबलावर टाकले आणि घड्या करायला लागली.

"मग जॅरड काय करत होता इतका वेळ?" तिने विचारलं.

"बोलत होता."

"कुणाशी?"

"ट्रॅवशी. त्याचं डोकं मांडीवर घेऊन. ट्रक येईपर्यंत."

"गेलाय हे त्याला कळलं नव्हतं?"

"लगेच कळलं होतं, असं लिहिलंय त्याने."

"तरी बोलत होता?"

"हो."

तिच्या हातात ओला टॉवेल होता, तो तिने तसाच छातीशी धरला आणि खाली बसली.

"ट्रॅवला शांतता सहन व्हायची नाही," ती म्हणाली. "लहान होता तेव्हापासून. रेडिओ लावल्याशिवाय झोपायचा नाही. मी बंद करायला गेले की झोपेतून उठायचा. दोन वर्षं मी हेच घेऊन बसलेय, एरल. त्या माळावर किती शांत असेल. त्याला ती शांतता किती खायला उठली असेल. मला वाटायचं, तो काहीतरी बोलला असला तर निदान आवाज तरी होता म्हणायचं."

मग ती रडली. मी पण रडलो, लाज कसली. पिकलेटं गार झाली होती, ती आम्ही तशीच खाल्ली.

"काय बोलत होता पण जॅरड?" तिने तोंड पुसून विचारलं.

"ते नाही लिहिलं त्याने."

"आणि तू विचारलं नाहीस."

"अगं, मला भेटलाच कुठे तो."

"तुला एक काम सांगितलं तर तू अर्धं करून येतोस," ती म्हणाली. "मटणात मीठ कमी, निरोप अर्धा. त्याला लिही. म्हणावं, माझं नाव दे. मला त्याच्या तोंडून ऐकायचंय, गाडी उलटली तिथपासून ट्रक आला तिथपर्यंत, तो काय काय बोलला ते सगळं. त्याला आठवत नसेल तर आठव म्हणावं. तुझं नाव दिलं न दिलं, ते तुम्ही दोघं बघा."

तर लिहून घे: नोएलीन जॉय हॅकेट. तुझ्यावरचा तिचा राग गेला असं ती म्हणाली नाही आणि मी विचारलं नाही. विचारू नकोस तूही. ती येईल, समोर बसेल, तू सांग. काय बोलायचं ते सुचणार नाही असं तिच्यापुढे चालायचं नाही, ते तुला माहीत आहे.

जूनच्या शेवटच्या शनिवारी येऊ. तुमच्याकडचे लोक आधी सगळं वाचतात म्हणून एवढे दिवस ठेवलेत. फटफटीवर बसायला ती तयार नाही, तेव्हा तिच्या गाडीने. वाटेत राहायचं कुठे, खायचं काय, सगळं तिने ठरवलंय, मला फक्त नकाशा धरायचाय. पिकलेटं आत नेऊ देतात का ते विचारून ठेव.

माझं नाव राहू दे. मी बाहेर थांबेन.

बाबा